आबा, तुमचं डोकं ठिकाणावर होतं

प्रिय आबा,

तुम्हाला मी आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं, मास्तरकीची परीक्षा पास झाल्याचं. ते तुम्ही पटवाऱ्याकडून वाचून घेतलंत आणि पागोट्यात ठेवून आठवडाभर गावात हिंडलात, असं आई सांगते. हे दुसरं पत्र. वाचून दाखवायला आता कुणी नाही, तरी लिहितो. परवा तुमच्या पित्राच्या दिवशी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

इथं सेलूच्या घरी पाटावर बसलो होतो. समोर भटजी, मागं मुलं, माजघराच्या दारात आई. भटजींनी विचारलं, "मास्तर, वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं?" दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला अडकलो. ओठावर आलेलं नाव बाहेर येईना! शंभर वेळा घेतलेलं नाव.

"होतं असं," भटजी म्हणाले, "सावकाश आठवा." शेवटी आईच आतून म्हणाली, "रायाजी."

रायाजी! कुणी हसलं नाही, आबा. पन्नाशीच्या मास्तराला एक नाव सुचलं नाही, तर सगळं घर त्याच्यासाठी थांबलं. तुमच्यासाठी कोण थांबलं होतं?

म्हणून लिहायला बसलो. यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

तुमचं विसरणं केव्हा सुरू झालं, ते मी आठवून पाहतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तुमची सत्तरी जवळ आली होती. वालूरच्या बाजाराला मोटेची सोल, म्हणजे दोर, आणायला गेलात आणि मीठ घेऊन आलात. धाकट्या नातीला हाक मारायची, तर आधी माझ्या बहिणीचं नाव, मग तुमच्या बहिणीचं, आणि तिसऱ्या खेपेला तिचं स्वतःचं. विळा बांधावर ठेवायचा आणि गोठाभर शोधायचा. सेलूला पहिल्यांदा आगगाडी आली तेव्हा तुम्ही बैलासकट कसे पळालात, ती गोष्ट एकाच जेवणात दोनदा सांगितलीत.

आम्ही हसायचो. तुमचा धाकटा दिगंबर म्हणायचा, "आबाला भ्रम झालाय." तुम्हीही आमच्याबरोबर हसायचात. वाईट वाटत होतं का हो तेव्हा? एकदाही विचारलं नाही मी.

आणि माझं काय चाललं होतं त्याच वर्षांत? उर्दूत शिकलो, उर्दूत शिकवलं, आणि राज्य बदलल्यावर मराठीत शिकवायला लागलो. फळ्यावर तारीख लिहायची, तर हात उजवीकडून सुरू व्हायचा. रोजचे शब्द अडायचे. पोरं खुदुखुदु हसायची आणि मी दटावायचो, "सवय आहे, बदलायला वेळ लागतो." माझं चुकलं तर सवय, आणि तुमचं चुकलं तर भ्रम! हा न्याय कुठला, आबा?

आता त्या विहिरीचं.

आपल्या बांधावरची विहीर कागदावर तुमच्या एकट्याच्या नावावर होती. पण आठ दिवसांतले चार दिवस तिच्यावर सोपानकाकाची मोट चालायची. शेजारचं चार एकर रान तुमच्या या मैतराचं, सोपानकाकाचं. बाकी पोट मेंढरांवर. तो गेला तरी त्याच्या बायकोनं, राखमाकाकूनं, मोट बंद पडू दिली नाही. चार दिवस आपले, चार दिवस तिचे. गाव हे बघत आलं होतं. मात्र ते पाणी तिच्या हक्काचं, की तुम्ही मैतरकीनं दिलेलं, हे गावातल्या कुणाला नीट ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, ते म्हातारे एकेक करून गेले.

जुन्या उर्दू कागदांवरून नवे मराठी कागद करायला पटवाऱ्याबरोबर त्याच्या वरचे अंमलदार, गिरदावरसाहेब, गावात येणार, असं कळलं, तेव्हा दिगंबर मला न्यायला सेलूला आला. "दादा, या येळंला चाल," म्हणाला. "विहीर आपल्या रानात हाय. आठी दिवस पाणी मिळालं तं मिरची, गहू, सगळं निघतंय. आबा तिथं काय बी बोलतील. तुझ्या शब्दाला किंमत हाय."

मी म्हणालो, "सोपानकाकानं खणायला मदत केली होती म्हणतात."

"म्हणतात!" दिगंबर म्हणाला. "कोण म्हणतंय? आबाच. आन् आबाला सोल आन् मीठ एकच वाटायलंय."

मी उठलो. बैलगाडीत बसलो.

सकाळची वेळ. चावडीसमोर निम्मं गाव जमलेलं. राखमाकाकू डोक्यावरचा पदर दातात धरून कडेला उभी होती. तिनं आधी तोंड उघडलं, "सायेब, माझ्या मालकानं बी ती विहीर खणली." साहेबांनी विचारलं, "काही कागद आहे?" कागद कुठला असणार? ती मागं सरली.

मग तुम्ही पुढं झालात. तुमचा आवाज अजून कानात आहे. "सायेब, निम्मी विहीर सोपानाची हाय. मी आन् त्यानं मिळून खणली. निम्मे कष्ट, निम्मं पाणी, पिढ्यान् पिढ्या. असा शबुद झालाय."

"कोणत्या साली खणली?"

तुम्ही थांबलात. बोटं मोडायला लागलात. "वरीस... थांबा, सांगतो."

"दगड कोणी बांधले? गवंड्याचं नाव?"

"व्हता एक जण. पेडगावाकडला. त्याचं नाव बगा..."

कुणीतरी मागून फिसकन् हसलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना उशीर होत होता. तुमच्या शेजारी तुमची नात उभी होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "बरं, हिचं नाव काय?" तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि माझ्या बहिणीचं नाव घेतलंत. मग सावरलात, पण तोवर सगळी चावडी हसत होती. आबा, तुम्हीही हसलात. कसनुसं.

साहेब माझ्याकडं वळले. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा. यांचं डोकं ठिकाणावर आहे का?"

आणि मी म्हणालो, "वय झालंय, साहेब. विसरतात. त्यांचं बोलणं धरू नका."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं बघितलं असतंत, तर मी आजवर त्याच्याशी भांडत बसलो असतो. तुम्ही तसं बघितलं नाहीत. मी काहीतरी समजावून सांगेन, अशी वाट बघितल्यासारखं बघितलंत. मी खाली मान घातली. पटवाऱ्यानं लिहून घेतलं. राखमाकाकू निघून गेली.

त्यानंतरचे दिवस तुम्ही कसे काढलेत? मी सेलूला परत आलो, सुट्टीला तेवढा गावी यायचो. पण जे दिसत होतं, ते पुरेसं होतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं घर चालवलं, तो आता प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागला. "आज कोणता वार हाय रं? सोमवार हाय ना? का मला तसं वाटायलंय?" सोमवारच असायचा! गाईला कितवा महिना चाललाय, हे तुम्ही अचूक सांगायचात आणि वर म्हणायचात, "पर माझं धरू नका, दिगंबरला इचारा."

माझं धरू नका. माझेच शब्द होते ते. तुम्ही ते उचललेत आणि स्वतःला लावून घेतलेत.

एकच गोष्ट तुम्ही कुणाला विचारली नाहीत. राखमाकाकूची पाण्याची पाळी लागायची, त्या सकाळी तुम्ही विहिरीवर जाऊन बसायचात आणि दिगंबरच्या बैलांना मोटेच्या धावेवर येऊ द्यायचा नाहीत. चार-पाच पाळ्या असं चाललं. मग दिगंबरनं तुम्हाला दंडाला धरून घरी आणलं. "आबा, ती पाळी बंद झाली, कितींदा सांगू?" तुम्ही विसरलात, असं तो गावभर सांगत होता. विसरला होतात का तुम्ही? एकदाही दिवस चुकला नव्हता तुमचा!

राखमाकाकूचं रान वाळलं. तिनं बैल विकले, मग निम्मी मेंढरं. तिचा लेक सेलूला सरकीच्या कारखान्यात कामाला लागला. बाजाराच्या वाटेवर तो मला दिसला की मी पलीकडच्या बाजूनं जायचो.

दोन वर्षांनी तुम्हाला छातीचं दुखणं लागलं. आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, तो हिवाळा. मी रजा काढून आलो. दुपारचं कोवळं ऊन बाजेवर येत होतं. आई पेज करायला आत गेली, तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"गोंदा," म्हणालात, "चावडीवर मी लय खोटं बोललो का रं? सोपान खरंच व्हता का माझ्यासंगं? का मलाच तसं वाटायलंय? पोराच्या तोंडातलं पाणी काढून मी उगंच दुसऱ्याला द्यायलो व्हतो का?"

मी काय म्हणालो, ते तुम्हाला आठवतं? "निजा आबा, दमलात तुम्ही." एवढंच म्हणालो. पांघरूण नीट केलं. जणू पांघरुणाचाच प्रश्न होता!

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

वर्ष-दीड वर्ष मी स्वतःची समजूत घालत राहिलो. आबांना खरंच भ्रम झाला होता, आता उकरून काय फायदा? आणि मग एक दिवस वर्गात माझंच अडलं. पहिल्या बाकावरचा मुलगा, तीन वर्षं माझ्याकडं शिकणारा. त्याला उभं केलं आणि नावच आठवेना. त्याच आठवड्यात चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला. बायको हसली, मी घाबरलो. वाटलं, आबांचं दुखणं मला लागलं. आता उद्या चार माणसांत कुणीतरी माझ्याबद्दल म्हणेल, याचं बोलणं धरू नका.

परभणीला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेलो. हैदराबादेत शिकलेले, बोलण्यात अजून उर्दूची चव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाडी बघितली, झोपेचं विचारलं, कानांत बघितलं.

"त्या मुलाचं नाव नंतर आठवलं?"

"आठवलं. मधल्या सुट्टीत."

"मग गेलं कुठं? उशिरा आलं, एवढंच. मास्तर, पन्नाशीनंतर गुडघे हळू चालतात, तेव्हा तुम्ही तक्रार करत नाही. आठवण हळू चालली की एवढे घाबरता?"

मी म्हणालो, "पण माणूस असाच विसरत विसरत वेडा होत नाही का?"

ते खुर्चीत टेकून बसले. "विळा कुठं ठेवला, हे विसरणं वेगळं. विळा हातात आहे आणि त्याचं काय करायचं, हेच न सुचणं वेगळं. नातवाचं नाव चुकणं वेगळं, आणि हा नातू आहे हेच न कळणं वेगळं. पहिलं उमरीमुळं होतं, बहुतेकांना होतं. दुसरं दुखणं आहे. त्याला हसायचं नसतं आणि लपवायचंही नसतं, दाखवायचं असतं."

विळ्याचं नाव मी काढलं नव्हतं, आबा! त्यांनी आपल्या मनानंच काढलं. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो. विचारलं, "आणि समजा, एक माणूस आहे. एकच गोष्ट दोनदा सांगतो. बाजारातून भलतंच घेऊन येतो."

"रोजच्या वाटेवर हरवतो का?"

"नाही."

"घरची माणसं ओळखतो? हातातलं काम येतं?"

"गाईवर नुसता हात फिरवून महिना सांगायचे. शेवटपर्यंत पेरणी त्यांच्याच शब्दावर व्हायची."

"नवं विसरायचे, पण जुनं?"

"जुनं पक्कं होतं. फक्त साल आणि नावं सांगता यायची नाहीत. चावडीवर साहेबानं विचारलं, तेव्हा..."

"चार माणसांत उभं करून विचारलं?" डॉक्टर म्हणाले. "मग तर माझंही अडेल. घाईत आणि भीतीत आठवण आणखी मागं राहते. अशा माणसाला थोडा वेळ द्यायचा असतो. कुणाबद्दल विचारताय तुम्ही?"

"वडिलांबद्दल."

"एकदा घेऊन या त्यांना."

"ते गेले," मी म्हणालो.

डॉक्टर हळूच म्हणाले, "तुमच्या सांगण्यावरून तरी त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, मास्तर."

परभणीच्या स्टेशनावर गाडीला दोन तास होते. बाकड्यावर बसून मी रडलो. आणि आता, आबा, मी ते लिहितो, जे डॉक्टरांनाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मला आठवत होतं.

विहीर खणली, त्या साली मी चौथी पास झालो होतो. उन्हाळ्याची सुट्टी होती. तुम्ही आणि सोपानकाका आळीपाळीनं पहार मारायचात. त्याच्या तळहाताची सालटं निघाली होती, तर तुम्ही त्याला धोतराची पट्टी फाडून बांधली होती. पाणी लागलं, तेव्हा तुम्ही दोघं त्या चिखलात बसून हसत होतात. वर येऊन तुम्ही त्याला म्हणालात, "सोपाना, निम्मं तुझं." मी काठावर उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलं होतं. गवंड्याचं नावसुद्धा मला येत होतं, आबा. चावडीवर तुम्ही ते शोधत होतात आणि ते माझ्या तोंडात होतं.

तुम्ही साल विसरलात आणि खरं बोललात. मला साल पाठ होतं आणि मी खोटं बोललो. तुमच्या म्हातारपणाच्या आडोशाला उभा राहून बोललो, म्हणून ते कुणाला खोटं वाटलं नाही. मलासुद्धा नाही! का केलं? दिगंबरशी वाकडं नको होतं. वर्षाचं धान्य त्याच्याकडून यायचं. आणि खरं सांगायचं तर, ते पाणी मलाही हवं होतं.

परभणीहून मी घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वालूरवरून पायी आपल्या गावी आलो आणि थेट राखमाकाकूच्या दारात. ती अंगणात जळणासाठी कापसाच्या पराट्या मोडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती पराट्या मोडत राहिली.

मग म्हणाली, "मला म्हाईत हाय, मास्तर. तवा बी म्हाईत व्हतं. तुमी काठावर उभे ऱ्हायचाव, मी बघितलं व्हतं की."

पुढं म्हणाली, "म्हातारं आलतं माझ्याकडं. त्या गिरदावराच्या नंतर, आठा-पंधरा दिसांनी. इथंच बसलं. मनलं, राखमा, मला खरंच आठवायलंय का मी खुळ्यावानी बोलायलोय? मी मनलं, भाऊ, तुमाला समदं बरुबर आठवायलंय. तं लेकरावानी रडलं."

तिनं तुम्हाला सांगितलं होतं, आबा! तरी दोन वर्षांनी बाजेवर पडल्या पडल्या तुम्ही मला विचारलंत. तुम्हाला ते माझ्याकडूनच ऐकायचं होतं ना?

"नाव लावतो, काकू," मी म्हणालो. "कचेरीत जाऊन खरं सांगतो."

"लावा," ती म्हणाली. "मला काय त्याचं आता? बैलं गेली, मोट कुजली. नातवाच्या कामी यील. पर म्हातारं हाय तवर सांगितलं असतंव तं बरं झालं असतं." तिनं मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं.

दिगंबरला सांगितलं, तेव्हा तो जेवत होता. ताट सरकवून उठला. "आबाचं खूळ तुला लागलं का?"

"लागलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो. "आबा खरं बोलले होते, दिगंबर. मी तिथं होतो. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास."

"मग तवा कामून बोलला न्हाईस?"

त्यानं मला त्या दिवसापासून दादा म्हटलेलं नाही.

तहसील कचेरीत अर्ज दिला. साहेब नवे होते. जुना कागद काढून त्यांनी विचारलं, "मास्तर, तेव्हाचं तुमचं म्हणणं वेगळं होतं. तेव्हा आठवत नव्हतं का?"

"तेव्हाही आठवत होतं," मी म्हणालो.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हे लिहून घेतलं, तर तुमच्या नोकरीवर येईल."

"घ्या लिहून."

खुलासे द्यावे लागले, वरिष्ठांची समज ऐकावी लागली. नोकरी राहिली, पण शाळेत माझ्याकडं बघायच्या नजरा बदलल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. चावडीवर तुमच्याकडं बघणाऱ्या नजरांपेक्षा त्या पुष्कळ सौम्य आहेत.

आणि आबा, आई आली! माझ्या एकट्याच्या बोलण्यावर नोंद होईना, तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "मी येते." जन्मात कचेरीची पायरी न चढलेली बाई! पदर घट्ट धरून साहेबांसमोर उभी राहिली. "दोघांच्या भाकरी मीच नेत व्हते रानात. एका दुरडीत."

"कोणतं साल, आजी?"

"साल?" ती थांबली. ओठ हलले, काही आलं नाही. साहेब मात्र हाताची घडी घालून बसून राहिले. घाई केली नाही. आई म्हणाली, "साल न्हाई सांगता येत, सायेब. पर माझ्या पोटात दिगंबर व्हता. दुरडी डोक्यावर धरायला जड जायची."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, तुला एवढं आठवत होतं, मग तेव्हा का बोलली नाहीस?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "चावडीवर बायांला कोण इचारतंय? आन् घरात तू इचारलं न्हाईस."

नोंद झाली, आबा. निम्मी विहीर सोपानकाकाच्या नातवाच्या नावानं लागली. राखमाकाकूकडं अजून बैल नाहीत, त्यामुळं तिची मोट चालत नाही. पण तिच्या चार दिवसांत दिगंबरही मोट जुंपत नाही. माझ्याशी बोलत नाही, पण जुंपत नाही. मी तिच्यासाठी बैलजोडी बघतोय. ती घेईल की नाही, माहीत नाही.

आई आता माझ्याकडं असते. तीही विसरायला लागली आहे. डाळीत मीठ घातलं का, म्हणून तीनदा विचारते. नळाला येणारं पाणी तिला अजून नवल वाटतं आणि त्याचं नवल ती रोज नव्यानं सांगते. घरातल्या मुलांना मी सांगितलंय की तिसऱ्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. आणि मी लक्षही ठेवून आहे. देवळातून घरची वाट तिला सापडते, पै-पाहुणा ओळखते, भाकरी अजून चंद्रासारखी गोल येते. यातलं काही चुकायला लागलं, तर मी लपवणार नाही, हसण्यावारी नेणार नाही. तिला घेऊन परभणीला जाईन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. तीन वर्षं उशीर झाला. आबा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. सोपानकाका तुमच्यासोबत होता. तुम्ही पोरांच्या तोंडचं पाणी काढलं नाहीत, दुसऱ्याचं पाणी दुसऱ्याला देत होतात. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं.

आता एक शब्द देतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गावी नेणार आहे आणि हे सगळं त्यांना सांगणार आहे, माझ्या खोट्यासकट, काहीही न गाळता. उद्या मीही म्हातारा होईन. त्यांना सांगून ठेवीन की नाव आठवायला मला वेळ लागला, तर थांबा. घरची वाट सापडेनाशी झाली, तर हात धरून आणा. पण आठवत असूनही मी गप्प बसलो, तर मला सोडू नका.

तुमचा थोरला,
गोविंद